पाईपमधलं काँक्रीट कुणाच्या खात्यावर?

मी बी.कॉम. झालेला माणूस. मनोरला मस्तान नाक्यावर मामांचं ठेकेदारीचं छोटं ऑफिस आहे, तिथे चलानं फाईलला लावायची, मजुरांची हजेरी मांडायची आणि जीएसटीची बिलं करायची एवढंच माझं काम. सिमेंट मला गोणीवर छापलेल्या अक्षरांपुरतं ठाऊक.

2024 च्या मे महिन्यात मामा तापाने आडवे झाले आणि नेमका त्याच आठवड्यात एक स्लॅब होता. मृगाच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे, ही आमच्याकडे दर मे महिन्यातली रड. सेंट्रिंग बांधून, सळ्या विणून तयार आणि वरून पहिला पाऊस, असं कुणाच्याही नशिबी येऊ नये. मामा अंथरुणातून म्हणाले, "तू फक्त तिथे उभा राहा. पंप येईल, गाड्या येतील, इंजिनीअर मॅडम चक्कर मारतील. तू गाड्या मोज."

गाड्या मोजायला काय लागतं? मी हो म्हणालो. काँक्रीटची मागणीही मीच नोंदवली. स्लॅब 2000 चौरस फूट, जाडी 5 इंच, म्हणजे 833 घनफूट, म्हणजे साडेतेवीस घनमीटर. बीम आणि जिना मिळून साडेसहा. एकूण तीस. सहा घनमीटरच्या बरोब्बर पाच गाड्या. हिशोब कसा चोख सुटला म्हणून मी मनातल्या मनात खूशही झालो.

साईट मनोर–पालघर रस्त्यावरून आत, एका गल्लीच्या टोकाला. घर एका निवृत्त काकांचं. सकाळी सात वाजता पंप आला आणि मी गोंधळलो. माझ्या डोक्यात पंप म्हणजे हायवेच्या पुलांवर दिसतो तसा, सोंडेसारखा हात उलगडत स्लॅबवर वाकणारा. इथे आला तो साधा ट्रक. मागच्या बाजूला हौदासारखं काहीतरी, मधे इंजिन, आणि दोन्ही अंगांना रचलेले लोखंडी पाईप. मी ऑपरेटरला विचारलं, "सोंड कुठे आहे?" तो ओडिशाचा, हसून म्हणाला, "साब, ये लाईन पंप है. सोंड आप लोग बनाओगे."

म्हणजे काय ते पुढच्या दोन तासांत कळलं. सोंडवाल्या बूम पंपाला चारी बाजूंनी पाय पसरून उभं राहायला जागा लागते आणि वर मोकळं आभाळ लागतं. आमच्या गल्लीवरून विजेच्या तारा गेलेल्या, शिवाय काकांचे दोन आंबे. तिथे ती सोंड उघडणं म्हणजे यमाला हाक मारणं. म्हणून ट्रक गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यालगत लावायचा आणि तिथून स्लॅबच्या पार टोकापर्यंत पाईपला पाईप जोडत न्यायचा. ट्रॉलीवरचा पंपही हेच काम करतो, पण तो ओढून आणावा लागतो आणि त्याचे पाईप वेगळ्या टेम्पोतून येतात. मनोरच्या आसपास आज इथे एक स्लॅब, उद्या वरईला दुसरा, असं काम असतं. त्याला ट्रकवर बसवलेला पंप सोयीचा. सकाळी येतो, दुपारी पाईप गोळा करून निघतो.

एक पाईप तीन मीटरचा, आतून 125 मिलीमीटर रुंद, रिकामाच चाळीस किलोच्या घरात. असे तीस जोडले. नव्वद मीटर. प्रत्येक जोडावर आत रबरी रिंग, वर क्लॅम्प, आणि क्लॅम्पला खीळ. वर चढणारा पाईप सेंट्रिंगच्या टेकूला बांधावा असं मी सुचवलं. टेकू जवळच होते. मुकादमाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घर पाडायचीच सूचना केली. पंप एकेक धक्का मारत चालतो, त्या प्रत्येक धक्क्याला लाईन मागेपुढे हिसडते. टेकूला बांधली तर हिसड्यांनी टेकूच निसटतील. लाईन पक्क्या झालेल्या कॉलमला बांधली आणि स्लॅबवर सळ्यांवर टेकू नये म्हणून खाली जुने टायर घातले. मी गप्प बसलो. मग जिथे उभा राहिलो तिथून मला हटवण्यात आलं. दिवसभर हेच झालं. मामांनी सांगितलेलं एकमेव काम उभं राहण्याचं, आणि उभं राहायला जागाच नाही.

काकूंनी नारळ फोडला. साडेनऊला पहिली गाडी आली. मॅडमनी लोखंडी शंकू काढला, एक फूट उंच, वर निमुळता. त्यात काँक्रीट भरलं, सळीने पंचवीस-पंचवीस वेळा कोचलं, शंकू उचलला. ढीग पाच इंचांच्या आसपास खाली बसला. "चालेल," म्हणाल्या. ताठ काँक्रीट पाईपमधून जात नाही आणि पातळ केलेलं स्लॅबच्या कामाचं नाही. गाडीत "जरासं पाणी मारू का" असं ड्रायव्हरने हळूच विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान वर केली. त्याने पाईप परत गुंडाळला.

पण काँक्रीट सोडण्याआधी हौदात सिमेंटची स्लरी ओतली. दोन गोण्या सिमेंट पाण्यात कालवून! मी लगेच वहीत लिहिलं : दोन गोण्या वाया. वाया नव्हत्या. कोरड्या पाईपला पहिल्या काँक्रीटमधलं सिमेंट-पाणी चिकटून राहिलं तर पुढे नुसती खडी राहते आणि लाईन तिथेच बसते. आतून सगळीकडे सिमेंटचं बोट फिरलं की मागचं काँक्रीट त्यावरून घसरत जातं. तव्याला तेल लावल्याशिवाय घावन सुटत नाही, तसंच.

मग पंप सुरू झाला. हौदाच्या आत दोन सिलिंडर. एक काँक्रीट ओढून घेतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि इंग्रजी एससारखा वळलेला एक पाईप डावी-उजवी करत ढकलणाऱ्याच्या तोंडाला जाऊन बसतो. खट्, धुप्. खट्, धुप्. गाडीचं पिंप फिरतंय, पन्हळीतून राखाडी लगदा हौदात पडतोय, हौद गिळतोय. मी जिन्याच्या शिडीवरून वर पाहिलं. स्लॅबवर एक थेंब नाही. पुन्हा हौद पाहिला, काँक्रीट जातंच आहे. एक मिनिट, दोन मिनिटं. मी बाजूला जाऊन मामांना फोन लावला. "मामा, एक घनमीटर तरी आत गेलं. वर काहीच नाही. काहीतरी गडबड आहे."

मामा खोकत म्हणाले, "अरे बैला, आधी पाईप भरेल ना!"

फोन ठेवतो तोच वरून आरोळी आली, रबरी होजच्या तोंडातून आधी पाणचट स्लरी, मग काँक्रीट. ती पहिली स्लरी स्लॅबवर पडू न देता घमेल्यात धरून बाहेर टाकली. मी कौतुकाने होजपाशी जाऊन उभा राहिलो. ऑपरेटरच्या पोराने मला कॉलर धरून मागे ओढलं. लाईनमध्ये हवा अडकली आणि सुटली तर ते तोंड सापासारखं फिरतं, हे त्याने मला नंतर समजावलं. अशा पंपात काँक्रीटवरचा दाब सत्तर बारच्याही वर जाऊ शकतो. ट्रकच्या टायरात हवा असते आठेक बार. कॉलरच्या दोन गुंड्या गेल्या, पण तक्रार नाही.

दोन गाड्या सुरळीत रिकाम्या झाल्या. काम लांबच्या टोकापासून सुरू करून मागे मागे यायचं, आणि जसजसं मागे याल तसतसे पुढचे पाईप काढत जायचं. पूर्वी आमच्याकडे स्लॅब म्हणजे मिक्सर, शिडीवर बायाबापड्यांची रांग आणि हातोहात चालणारी घमेली. मुकादमाने त्यात वीस वर्षं काढली. तो म्हणाला, "तेव्हा शंभर माणसांचं जेवण करावं लागायचं. आता वीस जणांचा पुलाव." हे त्याने आनंदाने सांगितलं की दुःखाने, मला कळलं नाही.

तिसरी गाडी आलीच नाही.

प्लांट बोईसरकडचा. गाडी चिल्हार फाट्याला हायवेला लागली आणि अडकली. त्या दिवसांत मुंबई–अहमदाबाद हायवेवर व्हाइट टॉपिंग चालू होतं, म्हणजे डांबरावर काँक्रीटचा थर. रस्त्यावरच्या काँक्रीटने आमचं काँक्रीट अडवून धरलं होतं. इकडे ऊन असं की पाईपला हात लावता येत नव्हता. ऑपरेटरने पाईपांवर ओली गोणपाटं टाकायला लावली आणि दर चार-पाच मिनिटांनी पंप उलटा-सुलटा दोन धक्के हलवत राहिला. थांबलेलं काँक्रीट थांबलेलंच राहतं, असं त्याचं म्हणणं. वर स्लॅबच्या उघड्या कडेला मॅडम मधून मधून व्हायब्रेटर बुडवायला लावत होत्या, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा धरणार नाही.

पाऊण तासाने गाडी आली. इथे मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला. मी चलान वाचलं. प्लांटवर भरल्याची वेळ छापलेली असते. सव्वा तास झाला होता. काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरवायचं, हे भारतीय मानकातच आहे. मी मोठ्याने वेळ सांगितली. मॅडमनी पुन्हा शंकू लावला आणि होकार दिला. मला एकदम उंची आली.

ती दहा मिनिटं टिकली. पंपाचा आवाज बदलला. धुप् ऐवजी नुसतं घुं. दाबाचा काटा चढला आणि ऑपरेटरने हात वर केला. "चोक."

मग त्याने हातोडी घेतली आणि रस्त्यापासून एकेक पाईप वाजवत निघाला, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसा. टण, टण, टण, आणि वर चढणाऱ्या लाईनच्या पायथ्याशी, वळणावर, ठक. तिथेच. मी क्लॅम्पकडे बोट दाखवून म्हणालो, "उघडा मग." सगळे ओरडले. आत दाब असताना क्लॅम्प उघडला तर काँक्रीट बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखं तोंडावर येतं. आधी पंप उलटा चालवून दाब काढायचा, काटा शून्यावर आलेला बघायचा, मग तोंड बाजूला करून क्लॅम्प सैल करायचा. वळणातून निघालं ते काँक्रीट नव्हतंच. एकमेकांत रुतलेली कोरडी खडी होती. पाऊण तास हलवत ठेवूनही उन्हात तेवढ्या एका जागी पाणी आणि सिमेंट पुढे सरकलं आणि खडी मागे राहून तिने वाट बुजवली. ते वळण आणि लगतचे दोन पाईप जमिनीवर रिकामे केले. भरलेला एक पाईप सरकवायला चार माणसं लागली.

पाचवी गाडी अडीच वाजता संपली. हौदात शेवटचा लगदा गेला, खट्-धुप् थांबलं. वरून मुकादमाने हाक मारली, "जिन्याचा वरचा टप्पा राहिला. सोडा अजून." मी म्हणालो, संपलं. तो म्हणाला, संपलं कसं, पाईपमध्ये आहे की! मी ऑपरेटरकडे बघितलं. पाईपमधलं काँक्रीट ढकलायला त्याच्यामागे काँक्रीट लागतं. मागे स्पंजचा गोळा घालून हवेच्या दाबाने ते पुढे काढता येतं, पण वर इतकी माणसं असताना मॅडमनी त्याला साफ नकार दिला. हवेने सुटलेला गोळा माणूस ओळखत नाही. उरलेले वीस पाईप खालीच उघडायचे ठरले.

मी कट्ट्यावर बसून कागदावर मांडलं. तीन मीटरच्या एका पाईपात 37 लिटर काँक्रीट, वजन अठ्ठ्याऐंशी किलो. वीस पाईपांत पाऊण घनमीटर. हौदाच्या तळाचं, चोकमध्ये गेलेलं धरलं तर एक घनमीटर. माझ्या चोख तीसच्या हिशोबात पाईप नावाची वस्तूच नव्हती. प्लांट चलानाप्रमाणे तीसचे पैसे घेणार, काका स्लॅब मोजून एकोणतीसचे देणार. मधला एक घनमीटर कुणाच्या खात्यावर, याचं उत्तर मला मामांना फोन न करताही माहीत होतं.

जिन्याच्या त्या टप्प्याचं तोंड फळीने बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाने सिमेंट, वाळू, खडी एकास एक, दोन या मापाने कालवून घमेल्यांनी तो भरला. त्या दिवशी तो गाणं गुणगुणत होता. पंपवाल्यांनी मात्र स्लॅबच्याच दिवशी पाईप धुतले, ट्रकवर रचले आणि पाचला निघून गेले. त्या रात्री मी मोबाईलवर वाचलं की दुबईच्या बुर्ज खलिफावर 2008 साली काँक्रीट 606 मीटर उंच ढकललं होतं. त्यांच्या पाईपमध्ये शेवटी किती राहिलं, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. मला आता तेवढंच विचारावंसं वाटतं.

पाईपमधून काढलेला लगदा मात्र वाया गेला नाही. काकूंनी घरामागे आधीच चार विटा लावून चौकट करून ठेवली होती. त्यांना म्हणे अनुभव होता. तिथे कपडे धुवायचा दणदणीत कट्टा झाला, एम-25 दर्जाचा.

तुमच्याकडे लाईन पंपावर स्लॅब असेल, तर ट्रक उभा राहील तिथपासून स्लॅबच्या टोकापर्यंत आधी टेप धरा, दर तीन मीटरला 37 लिटर धरा, आणि मगच प्लांटला फोन करा.