लासूर स्टेशनच्या चोची

मनमाडहून औरंगाबादकडे येताना रोटेगाव मागे पडले की लासूर स्टेशन येते. कांदा, कापूस आणि मक्याच्या बाजाराचे हे गाव. आम्ही गेलो होतो खालाजानकडे, पण मुलांनी दोन दिवस पाहिल्या त्या पाखरांच्या चोचीच.

चिमणीची चोच आखूड, जाड, शंकूसारखी. बाजरीचा दाणा ती चोचीच्या कडांत फिरवते, साल बाहेर टाकते आणि आतला दाणा गिळते. सुपात पाखडूनही इतकी सफाई येत नाही! मक्याचा अख्खा दाणा मात्र तिला झेपत नाही. तिथे पोपटाची आकड्यासारखी चोच हवी. शिवना नदीच्या पात्रात उरलेल्या पाण्यावर खंड्या बसला होता. त्याची चोच लांब, सरळ, टोकदार. सूर मारला की मासोळी चिमट्यात सापडावी तशी सापडते. कुंपणावरच्या जास्वंदीत शिंजीर बारीक, वाकडी चोच घालून मध ओढत होता.

मुले सर्वांत जास्त रमली ती हुदहुद पाहून. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्याकडे सबाची खबर आणणारा पक्षी म्हणून त्याचे नाव घरात माहीत होतेच. त्याची लांब, किंचित वाकलेली चोच जमिनीत खुपसलेली असतानाही उघडू शकते. तेवढी ताकद तिच्या स्नायूंत असते. म्हणून आतली अळी तो आतच पकडतो.

१९३१च्या सुमारास डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. आज औरंगाबादचा एक तलाव त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुलांना आम्ही परतताना तो दाखवला.

पण मनात राहिली ती चिमणीच. स्वतः दाणे खाणारी ही पाखरू पिल्लांना सुरुवातीला मऊ अळ्या आणि किडेच भरवते. बाजरीच्या जागी मका आला, कापसावर फवारे आले. चोच काही हंगामागणिक बदलत नाही. खालाजान रोज अंगणात मूठभर बाजरी टाकतात. “दाणे मी देईन, अळ्या कुठून आणू?” असे त्या म्हणाल्या. परसातल्या वांग्यांवर औषध मारायचे नाही, असे त्यांनी मुलाला बजावले आहे. किडकी वांगी निघतात, ती त्या बाजूला काढून चिरतात.