खिशातलं शिसं

समुद्रात खाली जायचं तर अंगावर शिसं घ्यावं लागतं, असं सांगितलं की आमच्या घरच्यांचा विश्वास बसत नाही. माणूस पाण्यात बुडतो हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. मग बुडवायला वरून आणखी वजन कशाला? पण छातीतली हवा आणि अंगावरचा निओप्रीनचा सूट, दोन्ही माणसाला वर ढकलत असतात. ३ मिलिमीटर जाडीचा सूट घालून छाती भरून श्वास घेतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली टिकून राहता येत नाही. आमच्या कोकणात पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्या नसतील तर जाळं तळाला बसणारच नाही. डायव्हरचंही तसंच आहे.

पूर्वी हे शिसं कमरेच्या पट्ट्यात ओवत आणि पट्ट्याला एका हाताने उघडेल असं बक्कल असे. अजूनही पुष्कळ ठिकाणी पट्टाच वापरतात. पण खोल पाण्यात सूट दबून पातळ होतो, पट्टा सैल पडतो आणि घसरतो. बोटीवर तोच पट्टा कमरेत रुततो. म्हणून आता बऱ्याच जॅकेटांना वजनाचे खिसे असतात. या जॅकेटाला बीसीडी म्हणतात. त्यात हवा भरली की माणूस हलका होतो, सोडली की जड. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा, कप्प्यात सरकवायचा एकेक खिसा आणि खिशाला बाहेर लोंबणारं हँडल. अडचण आली तर हँडल ओढायचं, खिसा शिशासकट तळाला जातो आणि माणूस वर तरंगतो.

या खिशाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. एरवी त्याने काही झालं तरी पडू नये आणि आपण ओढला की लगेच पडावा. घट्ट बसवला तर निघायचा नाही, सैल ठेवला तर राहायचा नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र नेत्राणीला कळला.

नेत्राणी हे कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुरुडेश्वरसमोरचं बेट. पावसाळा संपला की महाराष्ट्रातूनही बरेच डायव्हर तिकडे जातात. माझ्याबरोबर भाचा होता. पोरगं तयार, कोर्स पूर्ण केलेला, पाण्यात माझ्यापेक्षा शांत. जॅकेटं तिथूनच भाड्याने घेतलेली. दुसऱ्या डाइव्हला १४ मीटरवर आम्ही एका खडकाच्या कडेने चाललो होतो. तो कॅमेरा सांभाळत पुढे होता. एकदम त्याची डावी बाजू उचलली गेली, जशी एका पारड्यातलं वजन काढल्यावर तराजूची दांडी उचलते. मग तो हळूहळू वर जायला लागला. फिन्स मारत होता, तोंड खाली करून पाण्यात घुसायचा प्रयत्न करत होता, पण वर जाणं थांबत नव्हतं. डावा खिसा गेला होता.

त्या खिशात ३ किलो शिसं होतं. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड, त्यामुळे पाण्यातही ते जवळपास २.७ किलो भरतं. एवढं एका क्षणात अंगावरून उतरलं. हे किती वाईट, ते पाण्याचा दाब समजला की कळतं. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर फुफ्फुसात घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. घाबरून श्वास रोखून धरला तर फुफ्फुसाला इजा होते आणि ती जिवावर बेतू शकते. शिवाय वर जाताना सूट फुगतो, जॅकेटातली हवा फुगते आणि माणूस आणखी हलका होऊन आणखी वेगाने वर जातो. आजकाल मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये असं शिकवतात. सुटलेला माणूस हे अंतर काही सेकंदांत कापतो.

आमच्या गाइडने त्याचा पाय धरला. मग त्याच्या जॅकेटातली सगळी हवा सोडली, स्वतःच्याही जॅकेटातली सोडली आणि त्याला कवटाळून स्वतः त्याचं वजन झाला. बोटीच्या नांगराचा दोर जवळ होता, तो धरून दोघं हातावर हात ठेवत वर आले. ५ मीटरवर तीन मिनिटं दोराला लटकले. भाच्याच्या तोंडातून बुडबुडे सलग येत होते. माझं सगळं लक्ष त्या बुडबुड्यांकडे होतं. श्वास रोखला नाही, हे त्या पोराचं मोठं काम.

बोटीवर गाइडने रिकामा कप्पा उलटा करून दाखवला. आतली वेल्क्रो पार विटलेली. वेल्क्रोची गंमत अशी की एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ फासे असतात. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली कुसळं पाहून एका स्विस माणसाला, जॉर्ज द मेस्त्राल यांना, ती सुचली. पण फाशांत वाळू, धागे आणि मिठाचे कण भरले की आकड्यांना धरायला काही उरत नाही. कोरडी असताना ती चर्र आवाज करून चिकटते आणि आपल्याला वाटतं बसली. ओली झाल्यावर, वर ३ किलोचा ओढा आल्यावर, खरं कळतं. जॅकेट ज्यांचं होतं त्यांनी ‘असं कधी होत नाही’ एवढंच सांगितलं. भाड्याचं जॅकेट दिवसातून दोनदा पाण्यात जातं. ते रोज गोड्या पाण्यातून काढायचं, खिसे उपसून वाळवायचे, हे काम दिसत नाही म्हणून राहून जातं.

घरी फोन केला तर बहिणीने विचारलं, “भाईजान, खिसा पडला म्हणजे? पैसे किती गेले?” मी म्हटलं, पैसे नाही गेले. मग सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, “तुम्ही आहात म्हणून पाठवते मी त्याला.” त्या वाक्याचं ओझं माझ्याकडे अजून आहे.

परत आल्यावर भाच्याने पैसे साठवून स्वतःचं जॅकेट घेतलं. त्यात वेल्क्रोच्या जोडीला क्लिप होती. तरी त्याचं समाधान होईना. एके दिवशी आला आणि मला दाखवलं, दोन्ही खिसे प्लॅस्टिकच्या केबल टायने कप्प्याला आवळून टाकलेले.

“मामू, आता कुणीही येऊ दे, निघणार नाही.”

“तुला काढायचा असला तरी?”

तो थांबला. मी म्हटलं, आता वरची दुसरी बाजू बघ. पाण्यावर आलास, हवा संपलेली, जॅकेट फुगत नाही, लाटा आहेत. तेव्हा तुला तरंगत ठेवणारी एकच गोष्ट हातात आहे, शिसं टाकून देणं. डायव्हिंगमधल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं तेच दिसत आलं आहे. गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर वजनं तशीच असतात. कुणाला सुचलं नाही, कुणाला हँडल सापडलं नाही. एका नावाजलेल्या कंपनीला तर आपल्या खिशांची हँडलं परत मागवावी लागली होती. ओढल्यावर हँडल सुटून हातात येण्याची आणि शिसं जागच्या जागी राहण्याची भीती होती.

त्याने केबल टाय कापले. पण प्रश्न तिथेच होता आणि त्याचा प्रश्न खरा होता. एकदा हवेत उचललं गेलेलं पोर पुन्हा त्याच खिशावर विसंबून कसं राहील?

आम्हाला सापडलेला मार्ग साधा आहे आणि जुने डायव्हर तो वापरतात. सगळं शिसं दोनच खिशांत ठेवायचं नाही. त्याला ६ किलो लागतं. आता पुढच्या खिशांत २ आणि २, आणि टाकीच्या पट्ट्यावरच्या, न निघणाऱ्या छोट्या खिशांत १ आणि १. एक खिसा पडलाच तर २ किलो जातं. हवा सोडून, दोराला किंवा जोडीदाराला धरून ते निभावता येतं. आणि मुद्दाम टाकायची वेळ आली तर ४ किलो टाकता येतं. पाण्यावर तरंगायला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, वजन मुळात लागतं तेवढंच घ्यायचं. भरलेल्या ११ लिटरच्या टाकीत अडीच किलोच्या आसपास हवा असते. डाइव्हच्या शेवटी त्यातली दोनेक किलो खर्च झालेली असते, म्हणून शेवटी ५ मीटरवर थांबता येईल एवढं शिसं हवं. भीतीपोटी त्यावर आणखी दोन किलो घेणाऱ्याचा खिसा नुसताच जास्त जड होतो आणि जड खिसा लवकर निसटतो.

तिसरी गोष्ट सरावाची. तालुक्याच्या पोहण्याच्या तलावात, डोक्याएवढ्या पाण्यात, आम्ही दोघांनी खिसे टाकून पाहिले. डाव्या हाताने डावा, उजव्याने उजवा, मग डोळे मिटून. पहिल्यांदा त्याने हँडल बाजूला ओढलं, ते हललं नाही. त्याच्या जॅकेटाचं पुढे आणि वर ओढावं लागतं. प्रत्येक जॅकेटाची दिशा वेगळी असते आणि ती माझ्यापेक्षा जोडीदाराला जास्त माहीत हवी. डाइव्हआधी एकमेकांना तपासतात त्यात वजनाचा क्रमांक दुसरा येतो, जॅकेटाच्या लगेच नंतर. बहुतेक जण तिथे नुसती थाप मारून पुढे जातात. थाप मारू नका, हँडल धरून खाली हिसडा द्या. क्लिप असेल तर ‘टक’ ऐकू आलं का ते विचारा. वेल्क्रो असेल तर बोट घालून आतली वाळू पाहा.

भाच्याचं जॅकेट नेहमी बरोबर नेता येत नाही, कधीकधी भाड्याचं घ्यावंच लागतं. मागच्या हंगामात एका ठिकाणी त्याने दिलेलं जॅकेट उलटं केलं, खिशाला हिसडा दिला, खिसा हातात आला. त्याने ते शांतपणे परत केलं. माणूस चिडला, म्हणाला, “रोज इतके लोक यातनंच जातात.” मागे रांग होती, बोट सुटायची होती, सगळे आमच्याकडे बघत होते. मला माहीत आहे, अशा वेळी आपण लाजेने गप्प बसतो.

“जात असतील,” भाचा म्हणाला, “मला दुसरं द्या.”

त्याने दुसरं दिलं. भाच्याने त्यालाही हिसडा दिला.