पाच पेंढ्या कडबा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत आमच्या मळ्यात अंबाडी भिजत पडलेली असायची. ओढ्याच्या डोहात दगडांखाली दाबलेले ते भारे पंधरवड्यात कुजायचे आणि त्यांचा उग्र वास वाऱ्याबरोबर थेट वाड्याच्या सोप्यात यायचा. नाक कुणी मुरडत नसे, कारण वर्षभराचे दोर त्यातूनच निघायचे. सोललेला वाख धुऊन, दगडावर आपटून तुराट्यांच्या कुडावर वाळत टाकायचा. रात्री जेवणं उरकली की गडी आणि घरातली म्हातारी माणसं शेकोटीशी बसून मांडीवर पीळ देत राहायची. दावी, कासरे, बाजेचं सुंभ, मोटेचा नाडा, मळणीच्या बैलांची मुसकी हे सगळं थंडी संपायच्या आत तयार होई. आता दावं नायलॉनचं, दुकानातून वजनावर येतं. स्वस्त पडतं, टिकतंही. जनावराच्या मानेला मात्र काचतं. अंबाडी रानात उरली ती भाजीपुरती.

आमचं रान लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यात, तेरणा औराद शहाजानीजवळ मांजरेला मिळते त्या बाजूला. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, पुढे वाटण्याही झाल्या, तरी माझ्या लहानपणापर्यंत सगळ्या चुलत्यांचा माल एकाच खळ्यावर यायचा. हे रबीचं काळं रान. पावसाळाभर बरीचशी जमीन मोकळी ठेवायची, कुळवाच्या पाळ्या घालून ओल जिरवायची आणि हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरायची, ही रीत. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी, कारण करडईच्या काट्यांपुढे मोकाट जनावर आत शिरत नाही. हरभऱ्यात जवस. कोरडवाहू बन्सी गहू, विहिरीखाली ऊस, परसात वांगी आणि लसूण, बांधावर बोरी-बाभळी, गोठ्यात देवणी बैल, मागच्या वाड्यात उस्मानाबादी शेळ्या. कडबा बैलांना, बैल मोटेला आणि मळणीला, शेण खताला आणि गोवऱ्यांना, करडईचं तेल घरात आणि पेंड पुन्हा गोठ्यात, बाभळीचं लाकूड तिफणीला. एकाचं दुसऱ्यावाचून भागत नव्हतं. पुढे एक धागा निसटला आणि सगळं का उसवत गेलं, त्याचं कारण यातच आहे.

मार्गशीर्षातल्या पहाटेचं एक काम आता कुणी करत नाही. आजी रात्री धुवट धोतराचं पान हरभऱ्यावर पसरून यायची. हरभऱ्याच्या पानावरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो, तो दवात मिसळतो आणि ते दव कापड पिऊन घेतं. उजाडायच्या आत आजी ते कापड पितळी भांड्यात पिळायची. ही आंब. बाटलीत भरून फडताळात ठेवलेली असे आणि वर्षभर कुणाचं पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून मिळे. मी तिच्याबरोबर जायचो, तेव्हा पायांच्या भेगांना ते दव असं झोंबायचं की मी बांधावर उभा राहायचो आणि ती मात्र अनवाणीच ओळीतून पुढे जायची. परत येताना ओच्यात कोवळे शेंडे. शेंडे खुडले की हरभरा जास्त फुटतो आणि घरी भाजीही होते. आज त्याच रानात घाटेअळीसाठी फवारे मारतात. तिथली आंब तोंडात घालायची कुणाची हिंमत होणार नाही, आणि शेंडे खुडायलाही बाया जपूनच जातात.

पौष लागता लागता ज्वारी दुधात यायची आणि पाखरांची राखण सुरू व्हायची. मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, ती शाळेच्या आधी आम्ही पोरांनी. गूळभेंडी, सुरती, कुचकुची अशा ज्वाऱ्यांच्या दोन-चार ओळी खास हुरड्यासाठी पेरलेल्या असत. आगटीत गोवऱ्यांचा आर पडला की त्यात कणसं खुपसायची, आणि भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळायचं. हे काम आमच्या सालगड्याचं, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांचे तळवे इतके निबर होते की आरातून काढलेलं कणीस ते तसंच चोळत. फुंकर मारून कोंडा उडवला की ओंजळीत हिरवेगार मऊ दाणे उरत. "घ्या धाकलं मालक, ऊन हाये तवर खावा," असं म्हणत ते पहिली ओंजळ नेहमी पोरांच्या पुढ्यात धरायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, कवडीचं दही.

हुरडा आजही आहे, आणि तो शहरातल्या माणसांपर्यंत पोचला याचा मला आनंदच आहे. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याच्या कडेला हुरडा पार्ट्यांच्या पाट्या लागतात. 'फुले मधुर', 'परभणी वसंत' असे खास हुरड्याचे वाण कृषी विद्यापीठांनी दिले आहेत. चार पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतात. पण पार्टीच्या हुरड्यामागे पुढची ज्वारी नसते. पूर्वी हुरडा खाणं म्हणजे उभ्या पिकाची पहिली चव घेणं होतं. महिना-दीड महिन्याने त्याच रानात काढणीला उतरायचं असे.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, असा तो मोठा बाजार. दुसऱ्याच दिवशी येते वेळ अमावस्या, आमची येळवस. त्यामुळे बैल घ्यायला गेलेला कुणीतरी एक चुलता दरवर्षी येळवशीला घरी नसायचा, आणि नवा बैल घेऊन तो परतायचा तेव्हा काकी त्याच्यासाठी झाकून ठेवलेल्या तिळाच्या पोळ्या पुढे करायच्या. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव तो कुणालाच सांगत नसे. घरातल्या बायका मात्र बैल बघूनच अंदाज बांधत.

येळवस लातूर-धाराशिवकडचा हिवाळ्याचा सगळ्यात मोठा दिवस. आदल्या रात्री चुली विझत नसत. भज्जीसाठी तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे सोलायला अख्खी आळी बसायची. त्यात मेथी, पातीचा कांदा, शेंगदाणे, बोरं, चिंचेचा कोळ, आणि वरून बेसन लावून ती शिजत राहायची. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे, आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण घालून आंबवलेली आंबील. आंबिलीचं बिंदगं घरातल्या माणसाने डोक्यावर घेऊनच रानात न्यायचं. तिथे कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी असे, आत चुन्याने रंगवलेले पांडवांचे दगड. पूजा झाली की आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी, मग पंगत. गावात ज्याला जमीन नाही तोही कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला असायचा आणि वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हात धरून बसवत. दिवस बुडाला की पेटत्या कडब्याचा हेंडगा घेऊन पोरं शेताभोवती पळायची. हा सण टिकला आहे. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, लातूर शहरातले रस्ते ओस पडतात आणि बांधाबांधावर मोटारी उभ्या राहतात. पुण्या-मुंबईहून, हैदराबादेहून माणसं येतात. कोपीचा कडबा मात्र दुसऱ्या गावाहून मागून आणावा लागतो, कारण ज्या रानाची पूजा करायची त्या रानात ज्वारीच नसते.

ज्वारी का गेली, तर सोयाबीनमुळे, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. सोयाबीन शंभर-एक दिवसांत हातात येतं, लातूरच्या बाजारात त्याला लगेच गिऱ्हाईक आहे आणि मागून हरभरा घेता येतो. म्हणून पावसाळाभर मोकळं राहणारं रान संपलं. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, आणि बैल नाहीत तर कडबा कुणासाठी हाही प्रश्न उरला नाही. करडई काट्यांसकट गेली. उन्हं वर यायच्या आत, दवाने काटे मऊ आहेत तोवर, हातापायाला चिंध्या गुंडाळून ती काढायला आज माणूस मिळत नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं. राखणीची पोरं शाळेत गेली, ही तर चांगलीच गोष्ट. एकाच्या रानातली ज्वारी कमी झाली की सगळी पाखरं शेजारच्या उरलेल्या ज्वारीवर तुटून पडतात, म्हणून मग तोही पेरायची सोडतो.

किल्लारीच्या भूकंपानेही एक गोष्ट नेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागातली दगड-मातीची माळवदी घरं माणसांच्या अंगावर आली. वाडे पाडावे लागले, आणि वाड्यांबरोबर धान्य साठवायची बळदं बुजली. बळदात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. दुष्काळात तीच निघायची आणि गावात उसनी जायची. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाला धान्य साठवता येत नाही, ते विकावंच लागतं. पुढे स्लॅबची घरं झाली, साठवायची सवय परत आली नाही.

गुऱ्हाळही गेलं. चुलवणावरच्या काहिलीतून काकवी निघायच्या वेळी गुळव्या कुणाशी बोलत नसे, त्याचं सगळं लक्ष रसाच्या फेसाकडे. आता ऊस कारखान्याला जातो आणि हिवाळ्यात रानाच्या कडेला कोपी दिसतात त्या बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या. उसाच्या या आमच्या लातूर जिल्ह्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं.

जुना हिवाळा सगळ्यांना सारखा उबदार नव्हता. नानांचा साल पाडव्याला ठरायचा आणि पाडव्याला संपायचा; थंडीच्या रात्री घोंगडी पांघरून रानात तेच निजायचे, आम्ही नाही. त्यांची बायको खळ्यावर दिवसभर राबायची आणि सुपातलं शेवटचं धान्य तिच्या पदरात पडायचं. त्यांचा नातू आज नोकरीत आहे आणि कुणाच्या दारात साल घालायची त्याच्यावर वेळ नाही. कोणत्याही हुरड्याच्या चवीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. मला परत हवा आहे तो त्या रानातला मेळ: माणसाला, जनावराला, जमिनीला आणि पाखराला एकाच पिकातून पुरेल असं काही.

यंदा पुतण्याने विहिरीजवळ दोन एकर मालदांडी पेरली आहे, कडेने करडईच्या चार ओळी टाकून. दूध घालायला दोन गाई घेतल्यात, त्यांना विकतचा चारा परवडत नाही, हे त्याचं कारण. बाजारात ज्वारी कधी कधी गव्हापेक्षा महाग विकली जाते, हे दुसरं. शेजारी त्याला सांगतात की पाखरं काही ठेवणार नाहीत आणि काढणीला बाया मिळणार नाहीत. मळणीला यंत्र मिळेल. उपटायला, पेंढ्या बांधायला माणसं लागतील. फोनवर त्याने विचारलं, "काका, माघात सवड आहे का?" मी येतो म्हटलं, आणि दोन भाच्यांनाही कळवून टाकलं.