मालीश कधी थांबवावी

दिवाळी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर उटणं आणि सुगंधी तेल घेणाऱ्यांची गर्दी होते. एरवीही अंग दुखलं की मालीश हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. माझा तिला विरोध नाही, पण ती केव्हाही, कुणालाही चालते हे काही पटत नाही. गंमत म्हणजे आयुर्वेदाचार्य वाग्भटालाही ते पटलेलं नव्हतं. अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करा असं सांगून, कफ वाढलेल्याला, नुकतंच शोधन (वमन, विरेचन) झालेल्याला आणि अजीर्ण असलेल्याला त्याने तो वर्ज्य ठरवला. परंपरेचा हवाला देणारे नेमका हा भाग गाळतात.

खरी भीती पायाची. प्लॅस्टरमध्ये पाय राहिल्यावर, ऑपरेशननंतर किंवा इथून मुंबईपर्यंत रात्रभर बसून गेल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात अडकू शकते. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवून घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावं, डॉप्लर सोनोग्राफीत कळतं. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट कॅज्युअल्टी. आजी जन्मभर पाय चोळत आली, कुणाला काही झालं नाही, असं म्हणतात. खरंय, बहुतेक पोटऱ्या नुसत्या आखडलेल्याच असतात. पण बाहेरून हात लावून दोन्हींतला फरक आजीलाच काय, डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. तापातली अंगदुखीही तशीच. पावसाळ्यानंतर ती डेंग्यूची असू शकते, आणि प्लेटलेट्स उतरलेल्या असताना अंग रगडलं तर आत रक्त साकळू शकतं.