खालचं पॅकिंग: काही टिपणं

शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यावर चढ फारसे नाहीत, तरी जुन्या राजदूतला तो जड जातो. ऊसतोडीच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असला की पारगावच्या पुलापर्यंत दुसऱ्या गिअरवरच रखडायचं, तेही मागे दुधाचे कॅन लटकवून. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवाच मिळत नाही. ब्लॉक तापतो, निवतो, पुन्हा तापतो. ब्लॉक आणि त्याखालचा क्रँकचा चेंबर यांच्या मधला कागद, म्हणजेच खालचं पॅकिंग, कडक होऊन तडकतो आणि नट ढिले पडतात.

०

राजदूत मूळची पोलंडची. तिथल्या 'एसएचएल एम-11' या गाडीवरून एस्कॉर्ट्सने 1960च्या दशकात ती फरीदाबादला काढली. 173 सीसी, बोअर 61 मिलिमीटर, स्ट्रोक 59.5. इंजिन इतकं साधं की गावोगावच्या मिस्त्रीच्या हातात ते बसलं. याच साधेपणामुळे कामात चालढकलही होते.

०

"चेंबरला ऑइल सुटलंय" असं गिऱ्हाईक सांगतं. टू-स्ट्रोकमध्ये ही निम्मीच गोष्ट झाली. पिस्टन खाली येताना चेंबरमध्ये दाब होतो, तेव्हा पेट्रोल-ऑइल फटीतून बाहेर फुटतं. पिस्टन वर जाताना तिथेच ओढ तयार होते आणि त्याच फटीतून हवा आत शिरते. ही हवा कार्बोरेटरच्या हिशेबात नसते. पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन तापतं आणि भर उन्हात पिस्टन जाम होतो. चार पैशांच्या कागदापायी बोअरचं काम निघतं.

०

लक्षणं: ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लवकर खाली बसत नाही. प्लग चॉकलेटी असायचा, तो पांढरा पडतो. चालू इंजिनाच्या सांध्यावर थोडं ऑइल सोडून पाहावं. फट क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. बदलला नाही, तर कार्बोरेटरची जोडणी आणि क्रँकचे ऑइल सील तपासावेत. हवा तिथूनही आत येते आणि लक्षणं हीच दिसतात.

०

इंजिन तापतंय म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल वाढवणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि उलटा आहे. जेवढं ऑइल वाढलं तेवढं जेटमधून जाणारं पेट्रोल घटलं. आधीच कमी पडणारं पेट्रोल आणखी कमी होतं.

०

पॅकिंग सेटसाठी दौंडवाले सकाळची गाडी धरून पुण्याच्या नाना पेठेत जातात. निकड असली की पॅकिंग पेपर ब्लॉकच्या बुडावर ठेवून कडेकडेने हातोडीने हलके ठोकतात. धारेवर कागद आपोआप कापला जातो. लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही वापरलेला पाहिला आहे. जाडीचं भान मात्र हवं. अर्धा मिलिमीटर जादा कागद म्हणजे 61च्या बोअरवर पिस्टनच्या डोक्यावर जवळजवळ दीड सीसी जागा वाढली. शिवाय ब्लॉकमधले सगळे पोर्ट तेवढेच वर सरकले. गाडी चालते, पण ओढत नाही.

०

जवळून पाहण्यासारखी एक गोष्ट: चेंबरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खाचा असतात, त्यांतून मिश्रण वर जातं. घाईत कापलेल्या कागदाला नुसतं गोल भोक असतं. कागदाची कड त्या खाचांवर येते आणि निम्मी वाट अडते. मग कार्बोरेटर उघडला जातो, पॉइंट घासले जातात, सायलेन्सर जाळून साफ होतो. दोष कागदाच्या कडेत असतो.

०

जुना कागद स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. चेंबर ॲल्युमिनियमचा, एक ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची सोय. थिनरने भिजवून पितळी पट्टीने काढावा. त्याआधी चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबावं, नाहीतर गजनपिनचं लॉक आत पडतं आणि संध्याकाळ त्यातच जाते. मग स्टडच्या मुळाशी बोट फिरवावं. वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्यामुळे तिथलं ॲल्युमिनियम उचललं जाऊन बारीक उंचवटा होतो. त्यावर ब्लॉक टेकतो आणि मध्ये फट राहते. पॅकिंग कितीही बदला, हा उंचवटा घालवल्याशिवाय गळती थांबत नाही.

०

ब्लॉक घालताना रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवरच हवीत. सरकलं तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. नट तिरपे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. गाडी एकदा तापवून पूर्ण गार झाली की पुन्हा एक हात. हा दुसरा हात बहुतेकांकडून राहतो, कारण तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं असतं.

०

जुन्या बुलेटचं गणित वेगळं. ती फोर-स्ट्रोक, खालून ऑइल पाझरलं तरी मिश्रण बिघडत नाही. तिथे आधी वर पाहायचं: रॉकरकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळीतून थेंब ओघळून खाली येतो आणि आळ खालच्या पॅकिंगवर जातो. सगळं पुसून पावडर भुरभुरवली की उगम कळतो. दुसरं, चेंबरचा दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची रबरी नळी. ती चिकटली की दाब सांध्यांतून वाट काढतो. म्हणून नळी पाच मिनिटांत तपासावी, मग ब्लॉकला हात लावावा.

०

कामाच्या क्रमापुरती नोंद: बुलेट पाझरत असेल तर ऑइलची पातळी पाहत सुगी उरकेपर्यंत थांबलं तरी चालतं. राजदूत, जुनी जावा, जुनी येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना ती सवलत नाही. सांधा ओला दिसला की त्याच दिवशी गाडी उभी करायची, दूध दुसऱ्या गाडीने पाठवायचं.