गमत नाही

इंग्रजीचा अध्यापक म्हणून माझी उभी हयात एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत पोचविण्यात गेली. परंतु भाषांतराची माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक ही कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उताऱ्याची नव्हे. ती माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या दोन शब्दांची आहे.

आमचे घर सावनेरचे. मी कॉलेजात शिकवावे आणि भावाने वावर पाहावे, अशी आमची जुनी वाटणी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला पुष्कळसा कापूस खाल्ला, त्यात आमचाही गेला. नुकसान कर्ज काढून भरून काढता येते. परंतु त्या हंगामानंतर भाऊ जो गप्प झाला, तो झालाच. काही विचारले की त्याचे एकच उत्तर असे, "दादा, मले गमत नाही."

आई म्हणाली, त्याला जामसावळीच्या मारुतीला नेऊ. आमच्याकडून मध्यप्रदेशाची हद्द ओलांडली की सौंसरजवळ हे देवस्थान लागते, आणि मन बिघडलेल्या माणसांना तेथे घेऊन जाण्याची आमच्या भागात रीत आहे. मी हसलो. पदवीधराचे हसणे मोठे निर्दय असते! मी त्याला नागपुरास एका डॉक्टरांकडे नेले. गृहस्थ सज्जन, पण परप्रांतीय. ते इंग्रजीत विचारीत व मी दुभाष्याचे काम करी. भाऊ म्हणाला, "गमत नाही." मी सफाईदार इंग्रजीत सांगितले की, याला कंटाळा येतो. डॉक्टरांनी तसे लिहून घेतले, शक्तीचे औषध दिले आणि फिरावयास जाण्याचा सल्ला दिला. दिवसभर वावर तुडविणाऱ्या माणसाला फिरावयास जाण्याचा सल्ला! तरीही एक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात मी घरी परतलो.

पुढे महिन्याभराने आमच्या आळीतली आशाताई फॉर्म भरावयास आली. मधुमेह, रक्तदाब यांच्या चौकशीबरोबर त्या फॉर्मात मनाविषयीही दोन प्रश्न असतात. ते पुस्तकी मराठीतले प्रश्न तिने वाचले आणि कागद बाजूला ठेवला. ओट्यावर बसून ती म्हणाली, "भाऊ, वावरात जावंसं वाटते काय? रातच्याले डोया लागते काय?" भावाने मान हलविली. मग आवाज खाली आणून तिने विचारले, "जीव नकोसा होते काय?"

तो बराच वेळ बोलला नाही. नंतर "हो" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. एका छपराखाली राहून जे उत्तर मला मिळाले नव्हते, कारण तो प्रश्नच मी विचारला नव्हता, ते तिला तीन प्रश्नांत मिळाले.

आईच्या मारुतीलाही ती हसली नाही. "माय, नारळ फोडून या, पन दवाखान्यात बी चला," एवढेच ती म्हणाली. सरकारी दवाखान्यात ती स्वतः बरोबर आली. त्या वेळी मी बाकावर मुकाट्याने बसून राहिलो, आणि भाऊ आपल्या शब्दांत बोलला. उपचार बरेच महिने चालले. आज तो वावरात जातो.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही, हे मला मागाहून कळले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून शेजाऱ्यांच्या मनाची विचारपूस करावयास लाविले. डॉ. राहुल शिधये व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेले आकडे असे की, औदासीन्याने पीडलेल्या शंभरांपैकी पूर्वी जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत. पुढे सत्तावीस पोचू लागले. दूर झिंबाब्वेत, हरारे शहरी, डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर वस्तीतल्या आज्यांना बसविले. तेथील लोक या दुखण्याला 'फार विचार करणे' अशा अर्थाच्या आपल्या शब्दाने ओळखतात. आज्याही तोच शब्द वापरतात. आपल्याकडेही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर स्वतःच्या भाषेत मन मोकळे करण्याची सोय झाली आहे.

या सर्वांत पुढारी कोण, असा प्रश्न मला पडतो. औषध डॉक्टरांचेच, त्यांच्या विद्येवाचून भाऊ बरा होता ना. परंतु त्या विद्येपर्यंतची वाट जिने दाखविली, ती पुढे चालत होती; आणि आम्ही शिकलेले लोक तिच्या मागे चालावयास शिकलो, एवढीच आमची कमाई.

परवा संध्याकाळी भाऊ उशिरा घरी आला. मी विचारले, "काय रे, आज इतका वेळ?" तो म्हणाला, "वावरात गमलं, दादा." या वाक्याचे इंग्रजी करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.