महागडं पान

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांसोबत मेंढीकोट खेळत मी पत्ते शिकलो. तिथे एक्का टाका नाहीतर दुर्री, टाकण्याचे दाम वेगळे नसतात. म्हणूनच २०१५ मध्ये फोनवर ‘हार्थस्टोन’ हा पत्त्यांचा खेळ खेळू लागलो, तेव्हा पानालाही किंमत असते हे अंगवळणी पडायला वेळ लागला. या खेळात पान टाकायला माना खर्चावा लागतो. पहिल्या टर्नला १ माना मिळतो, दुसऱ्या टर्नला २, असं करत १० पर्यंत. डेक ३० पानांचा. माझ्या डेकमध्ये आठ ते दहा मानाची सहा पानं होती. पान जितकं महाग तितकं चांगलं, असा माझा हिशेब होता.

त्यातलं लाडकं पान डेथविंग. १० मानाचा ड्रॅगन, हल्ला १२, जीव १२. तो उतरला की पटावरचे बाकी सगळे मिनियन, म्हणजे लढणारी पात्रं, मरतात. मात्र आपल्या हातातली उरलेली पानंही जातात.

एका रात्री डेथविंग सुरुवातीच्याच हातात आला. तेव्हा पान बदलून घेता येतं, पण मोह सुटला नाही. दहाव्या टर्नला समोरच्याचे ३ मिनियन पटावर होते, माझा एकही नव्हता. मी डेथविंग उतरवला. पट साफ झाला आणि माझी ४ पानं डोळ्यांदेखत गेली. समोरचा जादूगार होता, त्याने पॉलिमॉर्फ टाकलं, अवघ्या ४ मानाचं. माझ्या ड्रॅगनची १-१ ची मेंढी झाली. उरलेल्या ६ मानात त्याने नवा मिनियन उभा केला. माझ्या हातात काहीच नव्हतं. तीन टर्नमध्ये मी हरलो.

नंतर मी शांतपणे हिशेब मांडला. १० मानाला ४ मानाने उत्तर मिळालं, हे तर दिसतच होतं. पण डेथविंग नऊ टर्न हातात नुसता पडून होता, म्हणजे तेवढा वेळ मी एक पान कमी घेऊन खेळलो, ही किंमत मी कधी धरलीच नव्हती. रॅग्नरॉस हेही महागच पान, ८ मानाचं, पण तो उतरला त्याच टर्नच्या शेवटी शत्रूला ८ चा फटका देतो. पुढच्या क्षणी मेला तरी काही वसूल झालेलं असतं. महाग पानांमध्येही हा फरक असतो.

मी सहा महाग पानांवरून दोनवर आलो. डेथविंग ठेवला. काही आठवड्यांनी पुन्हा तसाच जादूगार समोर आला. आजोबा गेलेले हुकूम मोजत, तशी मी त्याची पॉलिमॉर्फ मोजली. एका डेकमध्ये तेच पान जास्तीत जास्त दोनदा ठेवता येतं आणि त्याची दोन्ही जाऊन चुकली होती. माझा जीव ६ वर, पटावर त्याचे ४ मिनियन, माझ्या हातात डेथविंग एकटाच. गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डेथविंग उतरला आणि या वेळी टिकला. तो डाव मी जिंकलो.

महाग पान टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे लगेच मेलं, तर मी पुढचा टर्न खेळू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर बेधडक टाका. ‘नाही’ असेल तर थांबा. पण थांबूनही हरणारच असाल, तर तीच ते टाकण्याची वेळ.